पाठवायचं की नाही हे दिवसावरून नका ठरवू, रात्री साडेदहावरून ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि ओडीडी (सतत चिडणं, उलटं बोलणं, मोठ्यांचं न ऐकणं) असं निदान झालंय, सकाळी मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी चालू आहे. शाळेतल्या तक्रारी कमी झाल्यात पण घरी आठवड्यातून दोनदा तरी मोठा भडका उडतो, वस्तू फेकतो, धाकट्या बहिणीला मारतो. आता वर्गातल्या मित्राने वाढदिवसाला रात्री राहायला बोलावलंय, एकूण पाच मुलं असणार. आजवर पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलंय म्हणून स्वारी हवेत आहे. त्याचे बाबा म्हणतात जाऊ दे, आजी म्हणतात नसता उद्योग नको, आणि तुम्ही त्याला सांगून बसलाय की पंधरा दिवस नीट वागलास तर पाठवीन. शिवाय मित्राच्या आईला आधी सगळं सांगायचं का, हाही प्रश्न आहेच.

मी गेली अठरा वर्षं वागण्याचे प्रॉब्लेम असलेल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईबाबांबरोबर काम करतेय. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही त्यामुळे पाठवाच किंवा पाठवूच नका असं छातीठोकपणे सांगणं बरोबर नाही, बरंच काही परिस्थितीवर आहे, त्या घरातले मोठे कसे आहेत, बाकीची मुलं कोण आहेत, तुमचं घर तिथून किती लांब आहे. पण हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी चार-पाच वेळा तरी येतो आणि मी तो कसा सोडवते ते सांगू शकते. शेवटी तुमच्या जागी मी काय केलं असतं तेही सांगते, गोल गोल बोलून सोडून देणार नाही.

आधी ते "नीट वागलास तर पाठवीन" बघू, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. ही चूक मी स्वतः केलीये, प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याचा स्टार चार्ट बनवला, चाळीस स्टार झाले की मावसभावाकडे रात्री राहायला जायचं. पोराने जिवाचं रान करून चाळीस स्टार मिळवले, आम्ही सगळे खूश. तो गेला, आणि रात्री अकराच्या सुमाराला गेममध्ये हरल्यावर त्याने मावसभावाच्या तोंडावर रिमोट फेकून मारला, ओठ फाटला, टाके पडले. त्याचे बाबा घ्यायला गेले तेव्हा हा कपाटामागे बसून एकच वाक्य म्हणत होता, पण माझे स्टार तर झाले होते ना. त्याचं काय चुकलं हो? त्या चाळीसातला एकही स्टार रात्री नऊनंतरचा नव्हता. गृहपाठ केला, दात घासले, बहिणीला उलटं बोलला नाही, सगळे दिवसाचे. रात्री अकराला, दमलेला असताना, हरल्यावर, ओळखीचं मोठं माणूस जवळ नसताना काय करायचं हे त्याला आम्ही शिकवलंच नव्हतं आणि जमतंय का ते तपासलंही नव्हतं.

तेव्हापासून मी स्लीपओव्हर, म्हणजे असं रात्री राहायला जाणं, बक्षिसांच्या यादीतून काढून टाकलं. पंधरा दिवस शहाण्यासारखा वागला म्हणून आपण मुलाला खोल पाण्यात सोडत नाही, पोहता येतं का ते बघतो. आणि उलटंही तसंच, आज बहिणीला मारलंस म्हणून शनिवारचं जाणं रद्द, हेही नको. त्या मारण्याचा जो काही परिणाम व्हायचा तो त्याच दिवशी, घरात होऊ दे. या मुलांना मुळात बोलावणी कमी येतात आणि आलेलं एकमेव बोलावणं आपण शिक्षेत खर्च करून टाकतो. तुम्ही शब्द देऊन बसलाय त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता रात्री साडेदहाला असं काय असतं ते बघा. एकतर गोळी. मिथाइलफेनिडेट साध्या रूपात तीन-चार तास चालतं, लाँग-अ‍ॅक्टिंग असेल तर प्रकारानुसार साधारण ८ ते १२ तास. म्हणजे सकाळी सातला घेतलेली गोळी संध्याकाळी तीन ते सातच्या दरम्यान कधीतरी उतरते, आणि उतरताना काही मुलं नेहमीपेक्षा जास्त चिडचिडी होतात. शाळेतल्या बाईंना दिसतो तो गोळीच्या असरातला मुलगा, आणि मित्राच्या आईला जो मिळणार आहे तो गोळी उतरलेला मुलगा. दोघी एकाच मुलाबद्दल बोलतायत असं पुढे कुणाला वाटणारही नाही. यावर काही पालक परस्पर संध्याकाळी एक जादा डोस देतात, कृपा करून तसं करू नका, झोप पार उडते आणि मग पहाटे तीनपर्यंत टक्क जागा असलेला, कंटाळलेला मुलगा परक्या घरात फिरत असतो. काही बदल करायचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून.

दुसरं म्हणजे झोप. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ ते १२ तास झोप सांगितलीये. पाच मुलांच्या स्लीपओव्हरमध्ये कुणी नऊ तास झोपलंय असं मी तरी ऐकलेलं नाही. त्यात नवीन जागेत पहिल्या रात्री झोप कच्चीच लागते, मोठ्यांनाही. आणि राग आवरणं हे मेंदूच्या ज्या भागाचं काम आहे तोच भाग झोप कमी झाली की पहिला ढेपाळतो. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले रसेल बार्कली एक ठोकताळा सांगायचे, की या मुलांची स्वतःला आवरण्याची क्षमता वयाच्या साधारण ३० टक्के मागे धरावी. हा ठोकताळाच आहे, मोजमाप नव्हे, पण मला तो पालकांशी बोलताना खूप उपयोगी पडतो. तुमचा नऊ वर्षांचा मुलगा आवरण्याच्या बाबतीत सहा-सव्वासहाचा धरा. सहा वर्षांच्या मुलाला तुम्ही चार मोठ्या मुलांबरोबर रात्रभर ठेवाल का, आणि ठेवायचंच असेल तर काय काय तयारी कराल, असा विचार करून बघा, निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरी तो पेटायच्या आधी तुम्हाला कळतं. आवाज चढतो, कान लाल होतात, एकच प्रश्न पाच वेळा विचारतो, काहीतरी असेलच, आणि तुम्ही नकळत तेव्हा बहिणीला दुसऱ्या खोलीत पाठवता किंवा विषय बदलता. म्हणजे जे आठवड्याचे दोन भडके तुम्ही मोजताय ते तुम्ही टाळू न शकलेले दोन. टाळलेले किती ते तुम्ही मोजलेलेच नाहीत. मित्राच्या आईला यातलं काही माहीत नसतं, तिला भडका उडाल्यावरच कळणार.

म्हणून निर्णयाआधी दहा-बारा दिवस फोनमध्ये एक नोंद ठेवा. फार शास्त्रशुद्ध नको, आमच्यात त्याला एबीसी म्हणतात, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. त्यात माझ्यासाठी दोन गोष्टी जास्त लिहा. एक म्हणजे वेळ. दुसरी म्हणजे पेटल्यापासून परत माणसात यायला किती मिनिटं लागली आणि कुणाच्या मदतीने. भडके किती उडतात यापेक्षा मी या दुसऱ्या आकड्याकडे जास्त बघते. रोज चिडणारा पण स्वतःहून बाजूला जाऊन दहा मिनिटांत शांत होणारा मुलगा मी पाठवलाय. महिन्यातून एकदाच चिडणारी पण मग दीड तास ओरडणारी आणि फक्त आईनेच जवळ घेतल्यावर थांबणारी मुलगी मी पाठवली नाही, आणि तिच्या बाबांना ते अजिबात पटलं नव्हतं कारण त्यांच्या हिशोबाने ती कितीतरी चांगली होती.

बहिणीला मारतो म्हणून मित्रांनाही मारेल, असं सरळ गणित मांडू नका. भावंडांची भांडणं हे वेगळंच प्रकरण असतं. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे २०१३ च्या निदानाच्या पुस्तकात, ओडीडीच्या निकषांतच लिहिलंय की हे वागणं भावंड सोडून निदान आणखी एका व्यक्तीशी दिसायला हवं. ती व्यक्ती तुम्ही असाल, बाई असतील, पण मित्र आहेत का? ते शोधा. गेल्या सहा महिन्यांत त्याने घराबाहेर कुणा मुलाला मारलंय का, आणि असेल तर समोरच्याने डिवचल्यावर की असंच. बरीच मुलं दिवसभर बाहेर दात-ओठ खाऊन स्वतःला आवरतात आणि घरी आल्यावर, जिथे सेफ वाटतं तिथे, फुटतात. आईला वाटतं माझ्याशीच का असा वागतो, तर म्हणूनच. अशा मुलाची मला त्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशीची काळजी असते, तो तिथे गुणी बाळासारखा राहतो आणि घरी येऊन सगळ्याचं व्याज वसूल करतो. त्यामुळे रविवार मोकळा ठेवा, पाहुणे नकोत, क्लास नको, राहिलेला अभ्यास तर नकोच.

काही बाबतींत मात्र मी फार विचार करत नाही, सरळ सध्या नको म्हणते. रात्री उठून घराबाहेर निघून जायची सवय असेल, आगीशी खेळत असेल, गेल्या काही महिन्यांत कुणाला दुखापत होईल असं मारलं असेल किंवा प्राण्यांना इजा केली असेल, दुसऱ्या मुलांशी लैंगिक स्वरूपाचं काही वागणं झालं असेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा तसं बोलत असेल, किंवा गेल्या दोन-तीन आठवड्यांत औषध नवीन सुरू झालं किंवा बदललं असेल. यातलं काही असलं तर तो वाईट आहे असं नाही, पण या गोष्टींवर रात्रभर लक्ष लागतं आणि दुसऱ्या घरातल्या आईकडून आपण ती अपेक्षा करू शकत नाही, करूही नये. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसलं नाही. असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर पुढचं सगळं सोडून द्या आणि आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

मग उरतात माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं, ज्यांना हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायला जीव होत नाही. त्यांच्यासाठी रात्रीचे तुकडे करायचे. रात्रभर राहायचं की जायचंच नाही असे दोनच पर्याय आहेत असं कुणी सांगितलंय? आधी एकच मित्र तुमच्या घरी रात्री राहायला, जिथे तुम्ही भिंतीपलीकडे आहात आणि साडेदहाला काय होतं ते डोळ्यांनी बघू शकता. यातून जे कळतं ते कुठल्याही टेस्टमधून कळत नाही. मग आत्याकडे किंवा मामाकडे एक रात्र, जिथे तो पेटला तर कुणी कायमचं तोंड फिरवणार नाही. मग मित्राकडे अर्धं स्लीपओव्हर, म्हणजे नाइट ड्रेस घालून, पिशवी घेऊन सगळ्यांसारखंच जायचं, खेळायचं, पिक्चर बघायचा आणि झोपायच्या वेळेला घरी यायचं. मग एका मित्राकडे पूर्ण रात्र. आणि पाच मुलांची वाढदिवसाची रात्र सगळ्यात शेवटी. पाच मुलं म्हणजे कुणीतरी एकटं पडणार, कुणीतरी हरणार, आवाज तिप्पट आणि झोप निम्मी. तुमच्याकडे नेमकी ही शेवटची पायरी पहिल्यांदा आलीये, त्याला कुणाचाच इलाज नाही.

अर्ध्या स्लीपओव्हरला मोठ्या मुलांची कुरकुर असते की मला एकट्यालाच का घेऊन जाता, सगळे चिडवतील. त्यासाठी एक साधं कारण आधीच ठरवून द्या, "उद्या सकाळी लवकर निघायचंय", बास. यात खोटं बोलायला नको म्हणून मी पालकांना खरंच रविवारी सकाळी कुठेतरी जायला सांगते, नुसतं टेकडीवर चक्कर मारून आलात तरी चालेल. हे बारीकसं वाटतं, पण नऊ वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर तोंड दाखवायला जागा लागते.

मित्राच्या आईला सांगायचं का? हो. माझं यावर मत ठाम आहे, जिला तुम्ही काहीच सांगू शकत नाही तिच्याकडे मुलाला रात्री ठेवू नका. पण सांगायचं म्हणजे फाइल उघडून बसायचं नाही. ओडीडी हा शब्द ऐकून तिला काही कळणार नाही, नेटवर बघेल आणि घाबरेल. निदान सांगायचं की नाही हे तुमच्यावर आणि थोडं मुलावरही आहे, पण काय दिसेल आणि काय करायचं हे सांगायलाच हवं. साधारण असं बोला, "तो यायला खूप उत्सुक आहे, तुम्ही बोलावलंत त्याचं खरंच बरं वाटलं. एक सांगून ठेवते, दमला की किंवा हरला की त्याला पटकन राग येतो. आवाज चढला की समजायचं. तेव्हा समजावत बसू नका, आणि बाकीच्या मुलांसमोर बोलू नका, फक्त म्हणा चल मला जरा मदत कर, आणि दुसऱ्या खोलीत न्या, पाच-दहा मिनिटांत उतरतो. नाही उतरला तर मला फोन करा, कितीही वाजले असले तरी, मी वीस मिनिटांत येईन." एवढंच. आणि हे फोनवर किंवा भेटून, मेसेजवर नको, मेसेज फॉरवर्ड होतात. तिला काय सांगणार आहात ते मुलाला आधी सांगा. आपल्यामागे आपल्याबद्दल बोलतात ही जाणीव या मुलांना फार लवकर झालेली असते, ती आणखी वाढवू नका.

ती काय उत्तर देते ते नीट ऐका. "अहो मुलं म्हणजे असंच, काही होत नाही" असं म्हणून विषय संपवला तर मला थोडी धाकधूक वाटते. "म्हणजे नक्की काय झाल्यावर फोन करू" असं उलट विचारलं तर त्या घरात मी मूल निर्धास्त ठेवते. आणि तिने नाही म्हटलं, की मला जमणार नाही पाच मुलांमध्ये, तर वाईट वाटेल पण तिने प्रामाणिकपणे सांगितलं हे तुमच्या मुलाच्या भल्याचंच आहे.

याच फोनवर तुम्हीही विचारायचंय. रात्री घरात अजून कोण कोण असेल, मोठा भाऊ आणि त्याचे मित्र आहेत का, मुलं कुठे झोपणार, दार बंद असणार का, फोन आणि गेम कधी बंद होणार, जागं मोठं माणूस कितीपर्यंत असेल, कुत्रा आहे का. हे विचारायला संकोच वाटतो, मला माहितेय, पण हे प्रश्न कुठल्याही मुलासाठी विचारायचेच असतात आणि आपल्या मुलांसाठी जरा जास्तच. २०१२ साली 'द लॅन्सेट'मध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात अपंगत्व असलेल्या मुलांवर, यात मानसिक आणि बौद्धिकही आलं, हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट दिसली. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात हे तर जुनंच आहे. आणि ज्या मुलावर "हा नेहमीच काहीतरी करतो, खोटं बोलतो" असा शिक्का बसलाय त्याने खरं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही, ही या मुलांची खरी अडचण. म्हणून निघायच्या आधी त्याला एकदा स्पष्ट सांगा, तिथे कुणी अंगाला हात लावला, कपडे काढायला सांगितलं किंवा आईला सांगू नको म्हणालं तर मला फोन कर, तू काहीही केलेलं असलंस तरी मी तुझं ऐकेन. "तू काहीही केलेलं असलंस तरी" हे शब्द गाळू नका.

रात्रीच्या काही प्रॅक्टिकल गोष्टी. रात्रीचं औषध असेल तर ते मुलाच्या पिशवीत टाकून देऊ नका, त्या आईच्या हातात द्या, मूळ पाकिटातच, वेळ लिहून. क्लोनिडिन (एडीएचडीत आणि झोपेसाठी देतात ते औषध) चालू असलेली मुलं असतात, ते एकदम चुकवलं तर बीपी वाढू शकतं, त्यामुळे एक रात्र नाही घेतलं तर काय बिघडलं असं तिथे चालत नाही. अंथरूण ओलं होत असेल तर तेही बोला, सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा जणांना हे असतं, एडीएचडीत जास्तच, फक्त कुणी सांगत नाही म्हणून प्रत्येकाला आपणच एकटे वाटतो. स्लीपओव्हरपुरतं डेस्मोप्रेसिन, म्हणजे रात्री लघवी कमी करणारं औषध, देतात डॉक्टर, पण ते आधी घरी एकदा करून बघा, आणि ते घेतलं की तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी कमी प्यायचं असतं. पार्टीत मुलं गटागटा काहीतरी पीत असतात, तिथे हे पाळलं जाईल का याचा विचार करा, कारण त्यावर भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. झोपेत चालायची सवय असेल तर ते बहुधा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात होतं आणि जागरणानंतर जास्त होतं, जिना कुठे आहे ते विचारून ठेवा.

आता सुटकेचा रस्ता. प्रत्येक मुलाला परत यायचं एक गुपित वाक्य देते मी. फोन करून "आई, माझी निळी वही घरीच राहिली का" विचारलं की तुम्ही समजायचं, आणि घ्यायला जायचं, कारण तुमचं काहीतरी काम निघालं म्हणून. बाकी मुलांसमोर त्याला "मला घरी जायचंय" म्हणावं लागत नाही. पण हे आधी दोनदा घरी खेळून बघा, नुसतं सांगून त्या क्षणी आठवत नाही. त्याचबरोबर चिडला की तिथे कुठे जाऊन बसायचं, हेडफोन लावायचे का, पाणी प्यायला उठायचं का, तेही त्यानेच ठरवलेलं असू दे, तुम्ही ठरवलेलं तो तिथे वापरणार नाही.

आणि खरंच रात्री एकला फोन आला तर? जा, घेऊन या, गाडीत काही बोलू नका. खरंच काही नाही. "फोन केलास ते बरं केलंस" एवढं एक वाक्य, बाकी सगळं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. कुणाला लागलं असेल तर माफी मागायला तोही तुमच्याबरोबर जाईल, पण झोप झाल्यावर. मी बघितलंय की ज्या मुलांना त्या गाडीत लेक्चर मिळतं ती पुढच्या वेळी फोन करत नाहीत, पेटेपर्यंत थांबतात. स्वतःहून फोन करून परत आलेलं मूल माझ्या वहीत पास असतं, मग ते रात्री नऊला आलं असो की पहाटे तीनला.

बाबा आणि आजींचं बघा, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. बाबांना वाटतंय की याला मित्र हवेत, आजींना भीती आहे की एका रात्रीत असलेला मित्रही जाईल. हे दोघांना एकमेकांसमोर बोलू द्या, मुलासमोर मात्र नको, नाहीतर तो बाबांकडून परवानगी काढेल आणि चिडला की आजींच्या नावाने खडे फोडेल. जो काही निर्णय होईल तो तुमच्यापैकी एकाने, दोघांच्या वतीने सांगायचा.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं. पहिलं म्हणजे आजच त्याला सांगितलं असतं की "नीट वागलास तर" असं मी म्हटलं ते चुकलं, मी ते मागे घेते, तू जाणार आहेसच, फक्त कितीपर्यंत राहायचं ते आपण मिळून ठरवू. आईने चूक कबूल करणं त्याला नवीन असेल तर दोन मिनिटं गप्प बसेल बहुतेक. मग मित्राच्या आईला फोन. आणि हे पाच मुलांचं, पहिलंच, तेही अजून घरी कधी मित्र राहायला आलेला नसताना, म्हणून मी अर्ध्या स्लीपओव्हरवर थांबले असते, रात्री साडेनऊ-दहाला आणायचं. तो रडेल, कदाचित दार आपटेल. त्यासाठी मी त्याच वेळी दुसरी तारीख देऊन टाकली असती, पुढच्या महिन्यातल्या अमुक शनिवारी तो मित्र आपल्याकडे राहायला, कॅलेंडरवर लिहून. "नंतर बघू" याच्यावर या मुलांचा भरवसा नसतो, त्यांनी ते फार वेळा ऐकलेलं असतं. तुमच्या नोंदीत जर दिसलं की रात्री नऊनंतर भडके नाहीतच आणि तो दहा मिनिटांत स्वतःहून उतरतो, आणि ती आई उलट प्रश्न विचारणारी निघाली, तर मी माझं मत बदलेन आणि रात्रभर राहू दे म्हणेन, फोन उशाशी ठेवून.

एक राहिलं, धाकटीबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत, की तिला मारतो. तो शनिवारी संध्याकाळी बाहेर असेल ते तीन-चार तास तिचे असू देत. तिला विचारा काय करायचंय, आणि ती काही न करता नुसती पसारा मांडून बसली आणि तुम्हाला शेजारी बसवून ठेवलं तर बसा.